फड्या की त्रिधारी?

दोघांनाही आपण निवडुंग म्हणतो, पण कुळं वेगळी. फड्या खरा कॅक्टस, मूळचा अमेरिका खंडातला. त्रिधारी म्हणजे युफोर्बिया, एरंडाच्या कुळातला. काटा जिथून फुटतो तिथे निरखून पाहा. फड्याला तिथे लवदार गादीसारखा ठिपका दिसेल. काटे, फुलं, नवे फुटवे, सगळं त्यातूनच येतं. मला तर तो ठिपका फुलाहून देखणा वाटतो! त्रिधारीला तो नसतो, काटे जोडीनं येतात. शिवाय कापला की पांढरा चीक गळतो. डोळे जपा, फार आग होते.

पाणी दोघांनाही माती पूर्ण सुकल्यावरच.

नवख्यानं फड्या लावावा. त्याचा फडा, म्हणजे पानासारखा चपटा तुकडा, कापताना चिमट्यानं धरा, बारीक कुसळं बोटात रुततात. कापल्याची जखम आठवडाभर सुकवून फडा मातीत टेकवला की मुळं धरतो.