जुन्या जिप्सीच्या रुंद केलेल्या डिस्क : सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी मारुती जिप्सी किंग, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली). टायर २३५/७५ आर १५, म्हणजे २३५ मिलिमीटर रुंद आणि १५ इंची डिस्कवर बसणारे. डिस्क (ब्रेकची नव्हे, टायर ज्यावर बसतो तो चाकाचा रिम) लोखंडी, मूळच्या गाडीबरोबर आलेल्याच, पण मधून कापून, पट्टी घालून सात इंच रुंद केलेल्या. मी गाडी जुनी घेतली तेव्हा या पाचही डिस्क तिच्यावर होत्या. वापर कोल्हापूर शहरात रोजचा, आणि सुट्टीला गगनबावडा, दाजीपूर, आजऱ्यामार्गे आंबोली. उन्हाळ्याच्या तोंडाशी गाडी आली, पूर्ण पावसाळा या डिस्कवर काढला आणि दिवाळीनंतर पाचही काढून टाकल्या. का काढल्या ते सविस्तर लिहितोय, कारण अशाच डिस्क घातलेल्या जिप्सी, जुन्या थार आणि जीप आपल्याकडे भरपूर फिरतात आणि विक्रीच्या जाहिरातीत ‘वाइड डिस्क’ हा गुण म्हणून लिहिला जातो.

रुंद करण्यामागचं कारण खरं आहे, ते आधी मान्य करतो. जिप्सीची मूळ डिस्क अरुंद, २०५ च्या टायरसाठी केलेली. २३५/७५ आर १५ टायरला सहा ते आठ इंच रुंदीची डिस्क लागते. अरुंद डिस्कवर तो बसवला तर मधोमध फुगतो, वळणावर बाजूची भिंत झुकते. म्हणजे मोठा टायर हवा असेल तर रुंद डिस्क हवीच. नवी घेण्यापेक्षा जुनी कापून रुंद करणं निम्म्या पैशांत होतं, आणि कोल्हापुरात तर उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंत लेथ आणि वेल्डिंगला तोटा नाही.

काम असं होतं. डिस्कचा बाहेरचा गोल लेथवर कापतात, मध्ये वाकवलेली लोखंडी पट्टी बसवतात आणि पट्टीच्या दोन्ही कडांना गोल फिरवून वेल्ड करतात. म्हणजे पूर्ण परिघाचे दोन जोड, शिवाय पट्टीची दोन टोकं जुळतात तिथे एक आडवा जोड. नंतर ग्राइंडर मारून वेल्ड सपाट करायचा, खड्डे पुट्टीने भरायचे आणि वर काळं पावडर कोटिंग. बाहेरून पाहिलं तर जोड कुठे आहे ते सांगता येत नाही. माझ्या डिस्क अशाच होत्या, दिसायला देखण्या.

पहिली तक्रार हवेची. पुढचं डावं चाक आठवड्याला तीन-चार पीएसआयने उतरायचं. व्हॉल्व्ह बदलला, टायरची कड साबणाच्या पाण्याने तपासली, पंक्चर कुठेच नाही. शेवटी चाक उतरवून पाण्याच्या टाकीत बुडवलं तर बुडबुडे टायरमधून नव्हे, डिस्कच्या पोटातून येत होते. अगदी बारीक, मोहरीएवढे. पंक्चरवाले मामा अनुभवी माणूस, ते लगेच म्हणाले, “टूब टाकूया की, कटकट मिटंल.” आणि मग मागची दोन चाकं उघडली, तर त्यांत आधीच्या मालकाने ट्यूब टाकलेल्याच होत्या. टायर ट्यूबलेस, आत ट्यूब.

या अनुभवातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. ट्यूबलेस टायरमध्ये डिस्कचा वेल्ड म्हणजे हवा कोंडणारी भिंत असते. तिथून हवा झिरपते याचा अर्थ जोडात आरपार भोक आहे किंवा चीर आहे. वेल्डिंग करताना वायू अडकून राहिला की ब्लो होल (बारीक पोकळ्या) राहतात, ती एकमेकांना जुळली की हवेला वाट मिळते. किंवा वेल्ड मुळापर्यंत गेलेलाच नसतो. चाक आपल्याला हळूहळू, धोका होण्याच्या बरंच आधी, सांगत असतं. ट्यूब टाकली की हे सांगणं बंद पडतं. चीर वाढत राहते, हवा मात्र टिकून असते, आणि एक दिवस चिरेची धार ट्यूबला लागते. ट्यूब फाटली की हवा आठवडाभर झिरपत नाही, क्षणात जाते. म्हणून कोणी रुंद डिस्कची गाडी विकत असेल तर पहिला प्रश्न विचारा, आत ट्यूब आहे का? ट्यूब कोणत्या कारणासाठी टाकली ते विचारा आणि उत्तर पटेपर्यंत पैसे देऊ नका.

दुसरी तक्रार थरथरीची. साठपर्यंत गाडी ठीक, सत्तर-पंच्याहत्तरला स्टिअरिंग हलायला लागायचं. बॅलन्सिंग केलं की थोडं कमी व्हायचं, पुन्हा यायचं. एका चाकाला तर शंभर ग्रॅमच्या वर शिसं लागलं. एवढं वजन लागतं तेव्हाच समजावं की दोष वजनाचा नाही, आकाराचा आहे. आमच्या आतेभावाचा गोकुळ शिरगावला फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे. तिथे डिस्क फिरवून डायल गेज (वाकडेपणा मोजायचं काट्याचं मापक) लावला. कडेला डावी-उजवीकडे होणारी हालचाल लोखंडी डिस्कमध्ये साधारण एक-सव्वा मिलिमीटरच्या आत असावी. आमच्या एका डिस्कची चारच्या जवळ निघाली. वेल्ड गार होताना आकसतो आणि धातूला आपल्याकडे ओढतो. डिस्क फिक्स्चरमध्ये (पकडून ठेवणाऱ्या साच्यात) घट्ट न धरता, टॅक (ठिकठिकाणी वेल्डचे छोटे टाके) मारून हाताने फिरवत एकाच बाजूने वेल्ड करत गेलं की ती वेडीवाकडी होणारच. बॅलन्सिंगचं मशीन वजनातला फरक भरून काढतं, वाकडेपणा काढू शकत नाही. आणि जिप्सीचा पुढचा ॲक्सल सलग, त्यामुळे एका चाकाचं हेलकावणं दुसऱ्यापर्यंत जातं. खड्डा लागला की स्टिअरिंग हातातून सुटू पाहतं.

पावसाळा संपताना तिसरं लक्षण दिसलं. डिस्कच्या आतल्या बाजूला, रंगाखालून, तांबूस रेघ आली होती. परिघाला धरून, जेमतेम वीतभर लांब. गंज ठिपक्याठिपक्यांनी येतो तेव्हा तो रंग उडाल्याचा असतो. सरळ रेघेत येतो तेव्हा खाली पाणी शिरायला फट आहे.

मग पाचही डिस्क कारखान्यात नेल्या. रंग जाळून-घासून काढला आणि डीपी टेस्ट, म्हणजे चिरा शोधायची डाय पेनिट्रंट चाचणी, केली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जागा सॉल्व्हंटने स्वच्छ पुसायची, लाल पातळ द्रव मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, वरचा लाल पुसून घ्यायचा आणि पांढरी पावडर फवारायची. चिरेत शिरलेला लाल द्रव पांढऱ्यावर उमटतो. खर्च फार नाही, फॅब्रिकेशनच्या कुठल्याही बऱ्या शॉपमध्ये हे स्प्रेचे डबे असतात. एका डिस्कवर वेल्डच्या कडेला लाल रेघ उमटली, गंजाच्या रेघेपेक्षा लांब. दुसऱ्या दोनवर तुटक तुटक. चौथी आणि पाचवी वरून स्वच्छ दिसली, पण उलटी करून आतून पाहिलं तर तिथे वेल्डच नव्हता. आतेभाऊ म्हणाला, “हे बघ, इकडनं जोड अजून जसाच्या तसा उघडा आहे. वरनं नुसती साय धरलीय, आणि तीबी ग्राइंडरनं काढून टाकली.”

त्याने जे दाखवलं ते असं. पट्टी मूळ डिस्कच्या पत्र्यापेक्षा जाड होती. दोन्हींच्या कडांना उतार न देता, नुसत्या चिकटवून, बाहेरून एक फेरी मारली होती. त्यामुळे वेल्ड वरच्या अर्ध्या जाडीतच शिरला. मग तो सपाट दिसावा म्हणून वरचा फुगीर भाग घासला. म्हणजे तीन मिलिमीटरच्या जोडात प्रत्यक्ष धातू उरला दीड मिलिमीटरच्या आसपास, आणि आतल्या बाजूची न जुळलेली फट ही आयती चीर. तिला नव्याने सुरुवात करायची गरजच नाही, नुसतं वाढायचं आहे.

ती वाढते कशी, ते आकड्यात पाहिलं तर नीट कळतं. या टायरचा घेर सव्वादोन मीटरपेक्षा थोडा जास्त. किलोमीटरला चाक साधारण ४३५ वेळा फिरतं. दहा हजार किलोमीटर म्हणजे चाळीस लाखांहून अधिक फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत डिस्कचा प्रत्येक भाग एकदा भाराखाली येतो, एकदा सुटतो. वळणावर हाच भार बाजूने वाकवतो. पट्टी बाहेरच्या बाजूला घालून टायर बाहेर सरकवला की हा वाकवणारा जोर आणखी वाढतो आणि हबच्या बेअरिंगवरही येतो. एका जोरदार खड्ड्याने डिस्क मोडणं दुर्मीळ. ती अशी थोडी थोडी थकत जाते.

करूळ घाटात उतरताना बाहेरचं पुढचं चाक सगळा भार घेतं. तिथे परिघाचा जोड सुटला तर टायरची कड डिस्कवरून निसटते, हवा जाते आणि गाडी ज्या बाजूला वळायला हवी तिथे वळत नाही. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. मागच्या सीटवर माझी मुलं बसतात. टेस्टचा निकाल पाहिल्यावर त्या डिस्कवर गाडी घरापर्यंतसुद्धा नेली नाही. आतेभावाच्या ओळखीत एका जिप्सीवाल्याकडून मूळच्या चार डिस्क मागून आणल्या.

वेल्डिंगला दोष देण्यात अर्थ नाही. कंपनीची लोखंडी डिस्कसुद्धा वेल्ड केलेलीच असते. पट्टी गोल वळवून तिची टोकं जोडतात, रोलरवर आकार देतात, मधली थाळी दाबून बसवतात आणि वेल्ड करतात. फरक असा की तिथे कुठलं लोखंड आहे ते माहीत असतं, जाडी ठरलेली असते, फिक्स्चर असतं आणि नमुने मोडेपर्यंत तपासले जातात. प्रवासी गाड्यांच्या चाकांसाठी भारतीय मानक आयएस ९४३६ आहे. त्यात वळणावरचा वाकवणारा भार आणि सरळ चालतानाचा भार, दोन्ही लाखो फेऱ्यांपर्यंत देऊन चीर पडते का ते पाहतात. कोपऱ्यावरच्या शॉपमध्ये रुंद केलेल्या डिस्कची अशी परीक्षा पहिल्यांदा रस्त्यावरच होते. पट्टी कुठल्या भंगारातल्या प्लेटमधून कापली हेही कोणाला सांगता येत नाही.

अलॉयवाल्यांनी आपण सुटलो असं समजू नये. पुण्यातल्या माझ्या मावसभावाच्या गाडीचं मॅगव्हील (म्हणजे अलॉय चाकच) खड्ड्यात आतल्या कडेला तडकलं आणि आर्गन वेल्डिंगने ‘नव्यासारखं’ करून मिळालं. अलॉय चाकं बहुतेक सात टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असलेल्या ॲल्युमिनियमची ओतलेली असतात. ओतल्यावर त्यांना ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास तापवून पाण्यात विझवतात आणि पुन्हा दीडशेच्या थोड्या वर भट्टीत ठेवतात. चाकाची ताकद या उष्णताप्रक्रियेतून येते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या शेजारचा पट्टा पुन्हा मऊ पडतो आणि चाक परत त्या प्रक्रियेतून कोणी काढत नाही. शिवाय वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन ओढून घेतं, त्यामुळे तेल, ओल किंवा जुना रंग राहिला तर जोड आतून स्पंजासारखा होतो. आणि ॲल्युमिनियमला लोखंडासारखी थकव्याची तळरेषा, म्हणजे जिच्याखालच्या भाराने चीर पडतच नाही अशी मर्यादा, नाही; अगदी लहान भारही पुरेशा वेळा आला तर चीर पडू शकते. कडेची ओरखड्याएवढी भर घालणं वेगळं, पण दांड्यात किंवा नटांच्या भोवती चीर असेल तर ते चाक संपलं. मावसभावाला मी हेच सांगितलं आणि त्याने चाक बदललं.

आणखी एक, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टायर न काढता डिस्कला वेल्डिंग करायला बसणारे लोक आहेत. हवा सोडलेली असली तरी करू नये. आतलं रबर तापून त्यातून पेट घेणारा वायू सुटतो, तो बंद जागेत साठतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. ट्रकच्या चाकांवर काम करताना जगभर माणसं अशी गेली आहेत. वेल्डरला हात लावू देण्याआधी टायर उतरवा, तो कितीही घाईत असो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं. मोठे टायर आणि रुंद डिस्क यावर अपघातानंतर विमा सर्वेअर बोट ठेवू शकतो, तेव्हा आपल्या विमा कंपनीला आधीच लेखी विचारून घ्या.

आता गाडीवर सात इंची नव्या लोखंडी डिस्क आहेत. कापून-जोडून नव्हे, मुळातच त्या रुंदीच्या बनवलेल्या, माप आणि भारक्षमता ठोकलेल्या. खर्च रुंद करून घेण्याच्या जवळपास दुप्पट आला. टायर तेच ठेवले. थरथर गेली, बॅलन्सिंगला प्रत्येक चाकाला नेहमीएवढंच शिसं लागलं आणि हवा महिन्याला जेमतेम एखादा पीएसआय उतरते. ट्यूब काढून टाकल्या. नटांच्या बैठकीवर रंगाचा जाड थर नाही ना तेही बसवताना पाहिलं, कारण तो दबला की नट सैल पडतात. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळून घेतले.

मागच्या दारावरची स्टेपनी विसरू नका. चार चाकं बदलून पाचवं तसंच लटकत ठेवलेल्या दोन जिप्सी मला या काळात दिसल्या. ती लागते तेव्हा बहुतेक रात्र असते आणि रस्ता आडवळणाचा असतो.

जुन्या पाच डिस्क मी भंगारात अख्ख्या दिल्या नाहीत. आतेभावाने गॅस कटरने प्रत्येकीचे दोन तुकडे केले आणि मग वजनावर दिल्या. अख्ख्या गेल्या असत्या तर काळा रंग मारून पुन्हा कोणाच्या तरी गाडीला लागल्या असत्या.