ऑनलाइन थेरपिस्टची सुपरव्हिजन: ऐकून, रेकॉर्डिंग पाहून की सेशनमध्ये बसून?

तुमच्याकडे पाच-सहा थेरपिस्ट आहेत, सगळे आपापल्या घरून व्हिडिओवर सेशन घेतात, आणि त्यांच्या कामावर देखरेख कशी ठेवायची हे तुम्हाला ठरवायचं आहे, असं धरून लिहिते आहे. अशा वेळी पहिला वाद हमखास होतो तो सुपरव्हिजन व्हिडिओवर घ्यावी की समोरासमोर यावर. त्यात मला फारसा दम वाटत नाही. सुरुवातीला एकदा प्रत्यक्ष गाठ पडली तर उत्तम, नंतरचं काम व्हिडिओवर व्यवस्थित होतं. फरक पडतो तो सेशनमधलं नेमकं काय सुपरवायझरच्या हाती लागतं यानं: थेरपिस्टची आठवण, सेशनचं रेकॉर्डिंग, की चालू सेशन.

थेरपिस्टने सांगायचं, सुपरवायझरने ऐकायचं

ही सगळ्यात जुनी रीत. १९२० साली बर्लिनमध्ये मनोविश्लेषकांनी (फ्रॉइडच्या पद्धतीने उपचार करणाऱ्यांनी) मोफत दवाखाना सुरू केला, आणि शिकाऊ विश्लेषकाने आपली केस ज्येष्ठापुढे मांडायची ही शिस्त तिथे पक्की होत गेली. आजही बहुतेक ठिकाणी हेच चालतं. आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक तास, हातात टिपणं, आणि "इथे मी अडकले" असं म्हणून सुरुवात.

या पद्धतीत फाइल सांभाळायची नाही, खर्च कमी, आणि थेरपिस्टच्या स्वतःच्या मनात काय चाललंय याला भरपूर जागा मिळते. दिवसभर एकाच खोलीत बसून सहा जणांची दुःखं ऐकणाऱ्या माणसाला ती जागा लागते. क्लायंटला मात्र आपल्या केसची चर्चा सुपरवायझरशी होते एवढं आधी सांगायलाच हवं.

दुबळी बाजू उघड आहे. जे थेरपिस्टच्या लक्षात आलं नाही ते सुपरवायझरपर्यंत येणार नाही, आणि जे सांगायला लाज वाटते तेही येणार नाही. लडानी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये शिकाऊ थेरपिस्टना विचारलं, तेव्हा ९७ टक्क्यांहून अधिक जणांनी सुपरवायझरपासून काही ना काही लपवल्याचं कबूल केलं. त्यात सगळ्यात जास्त लपवलेली गोष्ट होती सुपरवायझरबद्दलचीच नाराजी.

ऑनलाइन कामात ही फट आणखी रुंदावते. थेरपिस्टला मुळातच क्लायंट छातीपासून वर दिसतो. त्याच्या चौकटीबाहेर काय आहे हे तिला दिसत नाही, तर ती सांगणार काय? माझ्याकडे येणारी एक थेरपिस्ट सलग तीन आठवडे म्हणत होती, "क्लायंट बंद झाल्यात, विषय टाळतात." मीही विरोध, भीती, विश्वास असं बोलत राहिले. चौथ्या आठवड्याला क्लायंटच्या परवानगीने घेतलेलं रेकॉर्डिंग दोघींनी मिळून पाहिलं. नवऱ्याचा विषय निघाला की बाईंची नजर स्क्रीनच्या उजवीकडे जात होती आणि आवाज खाली येत होता. खोलीचं दार उघडं होतं. नेमक्या त्याच क्षणी थेरपिस्ट मान खाली घालून टिपण लिहीत होती. आमची तीन आठवड्यांची चर्चा एका उघड्या दारामुळे वाया गेली होती.

रेकॉर्डिंग

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्येच ध्वनिमुद्रित मुलाखती प्रशिक्षणासाठी कशा वापरायच्या यावर लिहिलं होतं. आपण किती सल्ले देतो, हे आपल्याच तोंडून ऐकल्यावर शिकाऊ समुपदेशक चकित होतात, हा त्यांचा अनुभव. पुढे साठच्या दशकात मानसशास्त्रज्ञ नॉर्मन केगन यांनी त्याला वेगळं वळण दिलं. टेप लावायची, थांबवायचं बटण थेरपिस्टच्या हाती, आणि जिथे थांबवलं तिथे सुपरवायझरने एवढंच विचारायचं: "या क्षणी तुझ्या मनात काय होतं?" चूक दाखवायची नाही. ही रीत व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून जशीच्या तशी जमते. फाइल पाठवावीही लागत नाही, आणि ती पाठवूही नये.

ऑनलाइन सेशनच्या रेकॉर्डिंगमध्ये ज्या चुका दिसतात त्या सांगण्यातून सहसा येत नाहीत. शांतता ही त्यातली मोठी. समोरासमोर बसलेला थेरपिस्ट क्लायंटला अर्धा मिनिट गप्प राहू देतो. व्हिडिओवर तोच थेरपिस्ट तीन सेकंदांत "आवाज येतोय ना?" म्हणतो, कारण नेटवर्क गेलं की माणूस गहिवरला हे त्याला कळत नाही. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे तो क्लायंटच्या वाक्यावर आपलं वाक्य चढवतो. नजर क्लायंटवर नसून कोपऱ्यातल्या स्वतःच्या चेहऱ्यावर असते (ती चौकट लपवता येते, हे निम्म्या लोकांना कोणी सांगितलेलंच नसतं). आणि आत्महत्येच्या विचारांबद्दलचा प्रश्न यादीतून वाचल्यासारखा, खालच्या पट्टीत, घाईने विचारलेला असतो. टिपणात मात्र लिहिलेलं असतं: "जोखीम तपासली."

किंमतही मोजावी लागते. क्लायंटची लेखी संमती, फाइल कुठे राहणार, कोण बघणार, कधी पुसणार, हे सगळं पहिलं बटण दाबण्याआधी ठरलेलं हवं. काही सेवा रेकॉर्डिंग आपोआप क्लाउडवर टाकतात, ते आधी बंद करा. संमती कधीही मागे घेता यायला हवी, आणि नकार दिल्याने उपचारात काही कमी होणार नाही हे क्लायंटला स्पष्ट सांगायला हवं. ज्याच्या फोटोंचा कोणी गैरवापर केलाय असा माणूस नाहीच म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. तिथे फक्त थेरपिस्टच्या बाजूचा आवाज घेऊनही बरंच काम होतं.

पूर्ण सेशन पाहायला कोणालाच वेळ नसतो. दहा मिनिटांचे दोन तुकडे पुरतात. एक थेरपिस्टने निवडायचा, दुसरा सुपरवायझरने. दोन्ही थेरपिस्टनेच निवडले तर तुम्हाला दर वेळी छान सेशन दिसेल.

लिखित चॅटवर थेरपी चालत असेल तर प्रश्नच नाही, संवाद आपोआप जपलेला असतो. फक्त उत्तर यायला किती वेळ लागला हेही वाचा.

चालू सेशनमध्ये हजर राहणं

पूर्वी यासाठी एकतर्फी आरसा, म्हणजे एकाच बाजूने आरपार दिसणारी काच, लागायचा. १९५२ मध्ये कोर्नर आणि ब्राउन या संशोधकांनी थेरपिस्टच्या कानात छोटा स्पीकर बसवून सूचना देण्याचा प्रयोग मांडला. आता कॅमेरा आणि माइक बंद ठेवून सुपरवायझर सेशनमध्ये येतो आणि थेरपिस्टला खाजगी संदेश लिहितो. तांत्रिकदृष्ट्या इतकं सोपं की मोह होतो.

मी हे जपून वापरते. क्लायंटला सांगितल्याशिवाय तिसरं माणूस सेशनमध्ये असणं ही फसवणूक आहे. सांगून बसलं तरी थेरपिस्टची नजर संदेश वाचायला खाली घसरते, आणि समोरच्याला ते लगेच जाणवतं. संदेश चुकून सगळ्यांना गेला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून सूचना पाठवायच्याच असतील तर त्या दुसऱ्या उपकरणावर. पण अगदी नव्या थेरपिस्टची पहिली दोन-तीन सेशन्स किंवा जिवाला धोका असलेली केस असेल तर याला पर्याय नाही. आठवडाभराने पाहिलेलं रेकॉर्डिंग त्या रात्री कोणाला वाचवत नाही.

दवाखान्यात थेरपिस्ट सेशनमधून बाहेर येतो तेव्हा बाहेर कॉरिडॉर असतो. शेजारचं दार ठोठावून "दोन मिनिटं बोलू का?" म्हणता येतं. घरून काम करणाऱ्याला तो कॉरिडॉर नाही. रात्री साडेनऊला क्लायंट म्हणतो, "गोळ्या घेतल्यात," आणि कॉल तुटतो. आठवड्याचा तास कितीही चांगला असला तरी इथे निरुपयोगी. वरच्या तीनपैकी काहीही निवडा, सोबत दोन गोष्टी लागतातच: प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला क्लायंट या क्षणी कुठे आहे आणि जवळच्या कोणाला फोन करता येईल याची नोंद, आणि सेशनच्या वेळात उचलला जाणारा सुपरवायझरचा फोन नंबर. क्लायंट दुसऱ्या राज्यात किंवा देशात असेल तर अनेकदा तिथले नियमही लागू होतात, हेही तेव्हाच तपासायचं.

गट, आणि सुपरवायझर कोण

गटाने घेतलेली सुपरव्हिजन स्वस्त पडते आणि घरात एकट्या बसलेल्यांना सोबत मिळते. पण व्हिडिओवर चारपेक्षा जास्त जण झाले की दोघं बोलतात आणि बाकीचे माइक बंद करून मेल बघतात. नवख्याला फक्त गटावर सोडू नका.

सुपरवायझर घरचा, म्हणजे तुमच्याच संस्थेतला, की बाहेरचा? घरच्या माणसाला तुमची यंत्रणा माहीत असते आणि तो रात्री फोन उचलतो. पण पगार आणि केसेस ठरवणारा माणूसच सुपरवायझर असेल तर वर सांगितलेली लपवाछपवी कुठे जाईल याचा अंदाज करा. ही दोन कामं एकाच माणसाकडे देऊ नये, यावर मी अडून बसते.

पाच-सहा जणांची टीम असेल तर मी असं करेन. नव्या माणसाची पहिली दोन-तीन सेशन्स संमतीने हजर राहून पाहायची, मग सहा महिने दर पंधरवड्याला रेकॉर्डिंगचे दोन तुकडे, त्यानंतर सांगून-ऐकून चालणारी सुपरव्हिजन आणि महिन्यातून एखादं रेकॉर्डिंग. यासाठी सुपरवायझर बाहेरचा असावा. रात्रीचा फोन घरच्या ज्येष्ठाकडे, आणि पहिला क्लायंट घेण्याआधी एकदा रात्री साडेनऊला त्या नंबरवर खरोखर फोन लावून कोण उचलतं ते पाहायचं.