१४ महिने, ९६ हजार किलोमीटर: दहा टायरी ट्रक आणि त्याची बॅटरी केबल

गाडी २८ टनी, दहा टायरी, बीएस-६. पिंपळगावहून वाशी मार्केटला कांदा, येताना मिळेल तो माल. इंजिन चांगलं आहे, हे आधीच सांगतो. भरल्या गाडीला चारच्या आसपास ॲव्हरेज देते, केबिन ऐसपैस आहे, युरियाचा (धूर साफ करायला लागणारा द्रव) एक सेन्सर गेला तो वॉरंटीत मिळाला. लिहायला बसलोय ते वायरिंगसाठी.

सहाव्या महिन्यात रात्री हेडलाइट फडफडायला लागले. मीटरवरचे सगळे दिवे एकदम पेटायचे आणि विझायचे. वर्कशॉपवाल्यांनी स्कॅनर लावला, बिघाडाचे कोड पुसले, एका जोडाला टेप मारली आणि गाडी दिली.

आठव्या महिन्यात कसारा उतरून धाब्यावर थांबलो. ड्रायव्हर सलीमभाई चावी काढून खाली उतरले आणि तिथूनच ओरडले, "शेठ, रबर जळाल्याचा वास येतोय!" या गाड्यांना चावी बंद केल्यावर लगेच बॅटरीचा मेन स्विच पाडू नका असं शिकवतात, कारण युरियाचा पंप लाइन रिकामी करायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. त्या रात्री सलीमभाईंनी वाट पाहिली नाही. खट्‌कन स्विच पाडला, म्हणून गाडी वाचली.

सकाळी टॉर्च घेऊन खाली शिरलो. बॅटरी बॉक्समधून स्टार्टरकडे जाणारी जाड केबल एका ब्रॅकेटच्या धारेवर घासत होती. वरची काळी खाचांची नळी कानशीने कापावी तशी कापली गेलेली, आत तांबं नव्यासारखं चमकत होतं. ब्रॅकेटवर ज्वारीच्या दाण्याएवढा जळका डाग. माझ्या गाडीत या केबलला फ्यूज नव्हता. चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, हेच गाडीचं अर्थिंग. तांबं लोखंडाला नीट टेकलं असतं तर २४ व्होल्टचा सगळा करंट तिथून गेला असता, आणि चावी काढून काही उपयोग नव्हता. वीतभर अंतरावर ब्रेकच्या हवेचे नायलॉन पाइप आहेत. आम्ही दोघं त्याच केबिनमध्ये झोपतो.

वर्कशॉपचं पहिलं उत्तर: "बाहेरून लाइटा बसवल्या असतील." मी एकही बसवलेली नाही. फोटो दाखवले, मग आवाज खाली आला. आमच्या स्टँडवरच्या याच मॉडेलच्या दोन गाड्या पाहिल्या, दोन्हींना त्याच जागी घासल्याची खूण.

दीड महिन्याने फोन आला की पुढच्या सर्व्हिसला एक छोटं अपडेट करून घ्या. तीन तास लागले, पैसे घेतले नाहीत. नवी केबल, ब्रॅकेटच्या वरून नेलेली, रबरी क्लिपा आणि बॅटरीजवळ फ्यूज. काम खरंच चांगलं केलंय. त्याला साडेचार महिने झाले, ३० हजारांवर किलोमीटर झाले, एकदाही दिवा फडफडलेला नाही.

राग आहे तो "अपडेट" या शब्दाचा. आग लागू शकते असा दोष असेल तर त्याला रिकॉल (गाड्या परत बोलावणं) म्हणायचं आणि प्रत्येक मालकाला पत्र पाठवायचं. जो बाहेरच्या मिस्त्रीकडे सर्व्हिस करतो, त्याला हा फोन येणारच नाही.

मोटार वाहन कायद्यातल्या कलम ११०-अ चे रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. ट्रकच्या बाबतीत तक्रारी वर्षाच्या विक्रीच्या ३ टक्क्यांवर गेल्या की सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. पण त्या तक्रारी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नोंदलेल्या लागतात. स्टँडवर चहा पिताना आपण जे बोलतो ते त्यात धरलं जात नाही. गाडी दुरुस्त झाल्यावरही मी माझी तक्रार नोंदवली, फोटोंसकट.

ज्यांच्याकडे दहा टायरी आहे त्यांनी मेन स्विच पाडून, टॉर्च घेऊन बॅटरी बॉक्सपासून स्टार्टरपर्यंत केबल हाताने चाचपून बघा, विशेषतः जिथे ती चेसिसच्या आतल्या बाजूला वळते तिथे. खाचा जाऊन नळी गुळगुळीत लागली तर ती घासतेय. आणि वर्कशॉपने काहीही केलं तरी जॉब कार्डवर "केबल बदलली" असंच लिहून घ्या, "जनरल चेकअप" नको.