सावली, बाकडं आणि बाथरूम: नाशिकमध्ये फिरायला कुठे जावं

फिरायच्या जागांबद्दल जो तो लिहितो तो पंचविशीतला असतो. त्याला अडीच तासांची चढण 'एकदम इझी' वाटते आणि बाथरूमचा विषय त्याच्या लिखाणात येतच नाही. मी साठी ओलांडलेली, सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवरून निवृत्त झालेली बाई. डावा गुडघा कुरकुरतो. सोबत माझी वहिनी असते. गाडी तीच चालवते आणि तिला शुगर आहे, म्हणजे दर दीड-दोन तासांनी जावं लागतं. त्यामुळे आमचे निकष तीन. सावली आहे का, टेकायला बाकडं आहे का, आणि बायकांसाठी कडी लागणारं, पाणी असलेलं बाथरूम आहे का. निसर्गसौंदर्य चौथं. नाशिक जिल्ह्यात ते कुठे कमी पडत नाही, म्हणून त्याचे गुण वेगळे देत नाही.

आधी गावातलं उरकते. रोजच्या चालण्याला कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लब. या दुसऱ्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. 1909 साली विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळी घालणाऱ्या त्या कोवळ्या पोराचं. रिक्षावाल्याला मात्र 'गोल्फ क्लब' म्हटल्याशिवाय कळत नाही. मातीवर चालायला मिळतं, गुडघ्याला ते सोसतं. सकाळी सात वाजता गर्दी इतकी की आपला वेग आपल्या हातात राहत नाही. आम्ही साडेआठला जातो, तोवर हास्य क्लबवाले हसून घरी गेलेले असतात.

बाकीच्या बागांपैकी एकीचं नाव मुद्दाम सांगत नाही. कारंजं आहे, रंगीत दिवे आहेत, सेल्फी काढायला माणसाएवढं लाल हृदय आहे. बाथरूमला कुलूप. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "मावशी, चावी साहेबांकडे असते." साहेब कधी येतात? "सोमवारी." तो दिवस गुरुवारचा. वहिनी म्हणाली, "मग मी सोमवारपर्यंत इथेच बसते." गडी लाजला, पण कुलूप काही उघडलं नाही.

आता पांडवलेणी. गुडघा दुखणार हे धरून जा, पण जाच. पाथर्डी फाटा ओलांडला की हायवेलगत त्रिरश्मी डोंगर, पायथ्याशी फाळके स्मारक आणि बुद्धविहार. पायऱ्या बांधलेल्या आहेत, त्यांची उंची मात्र एकसारखी नाही. लोक वीस मिनिटं सांगतात, आम्हाला त्याच्या दुप्पट लागतात. बाथरूम खालीच उरकून निघायचं. चढताना ऊन लागतं, वर पोचलं की लागत नाही, कारण लेण्यांचं तोंड उत्तरेला आहे. एप्रिलमध्येसुद्धा ओसरीत बसलं की पाठीला दगड गार लागतो. एकूण 24 लेणी. सगळी बघायचा हट्ट धरू नका. तीन, दहा आणि अठरा या नंबरांची बघा. अठरावं म्हणजे इथलं एकुलतं एक चैत्यगृह, आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं.

दहाव्या लेण्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथे माझ्या नोकरीचा विषय दगडात कोरलेला आहे. क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात. याने सुमारे 1900 वर्षांपूर्वी हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि लेण्याच्या नावाने 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव ठेवली. कुणाकडे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे. हेच आपलं गंगापूरजवळचं गोवर्धन. 2000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक टक्का. 1000 दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण टक्का. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण.

मी ओसरीत उभ्या उभ्या हिशोब केला. 2000 वर सालाचे 12 टक्के म्हणजे 240. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे 240. पैशाचा फरक नाही. शिवाय हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि दप्तरात नोंदवला, असंही त्याच लेखात आहे. दोन ठेवींवर दोन दर का, याचा विचार मी उतरेपर्यंत करत होते. एक श्रेणी जास्त भरवशाची असणार, म्हणून कमी व्याज देऊनही तिला ठेव मिळाली. आमच्याकडेही हेच चालायचं, ज्या पतसंस्थेचा दर बघून डोळे विस्फारायचे तिच्यापासून लांब राहायचं. वहिनीला एवढंच कळलं की तेव्हा बारा टक्के मिळत होते. "आणि आपल्याला ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धा टक्का जास्त देतात आणि वर कॅलेंडर," ती म्हणाली.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावी राज्यावर असताना या आजीने लेणं दान दिलं आणि गेलेल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक भिंतीवर कोरून घेतलं. याच नहपानाच्या क्षहरात घराण्याचा त्याने निःपात केला, हेही त्यात आलंच. म्हणजे जावयाच्या दानाचा लेख एका लेण्यात आणि त्या घराण्याला बुडवणाऱ्याच्या आईचा लेख त्याच डोंगरात, चार पावलांवर. हे आधी थोडं वाचून जा, नाहीतर खांब मोजून परत याल.

चढायचं नसेल त्यांना पायथ्याच्या नेहरू वनोद्यानात बसवा. सावलीला पैकीच्या पैकी गुण. झाडाखालचा पाचोळा पायाखाली वाजतो, गाड्यांचा आवाज हळूहळू मागे पडतो. माझ्या मते शहराजवळ डबा खायला यापेक्षा बरी जागा नाही. माकडं नसतील याची खात्री करून डबा उघडा.

गंगापूर रोडकडचं थोडक्यात. सोमेश्वरचा धबधबा पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की बघण्यासारखा, एरवी खडक. मक्याचं कणीस चांगलं मिळतं. गंगापूर धरणावर बोट क्लबकडून संध्याकाळ सुंदर दिसते, पण ऊन उतरल्याशिवाय जाऊ नका, सावली नावालाही नाही.

त्र्यंबक रोडला लागलं की सगळे अंजनेरीला वळतात. वनखात्याच्या चौकीपाशी गाडी सोडून पुढे पायऱ्या लागतात. आम्ही वाटेतल्या जैन लेण्यांपर्यंत चढतो आणि तिथेच थर्मास उघडतो. वरचं पठार, अंजनीमातेचं देऊळ आणि तळं तरुणांसाठी ठेवलंय. श्रावणात वर रानफुलं येतात. त्यात एक कंदीलपुष्प असं आहे की त्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. 2017 पासून हा डोंगर संवर्धन राखीव आहे, तरी पठारावर पावलोपावली फुलं तुडवत रील काढणारी पोरं दिसतात. मी त्यांना ओरडते. त्यांना वाटतं आजी देवभोळी आहे, हनुमानाच्या जन्मस्थानी बूट घातले म्हणून रागावली. असू दे, त्या निमित्ताने बाजूला तरी होतात. बाथरूमचे गुण शून्य.

उतरल्यावर अंजनेरी गावाजवळच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं नाण्यांचं संग्रहालय चुकवू नका. उघड्यावरची जागा नाही ती, या यादीत बसत नाही. पण पांडवलेणीत कार्षापणाबद्दल वाचून आलेल्या माणसाला जुनं नाणं डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडत नाही. संस्था 1980 सालची आहे, आणि आयुष्यभर नोटा मोजलेल्या बाईला तिथून बाहेर काढायला वहिनीला दोनदा हॉर्न वाजवावा लागला.

हरिहर किल्ल्यावर मी जाणार नाही, तुमच्या घरचं कुणी जाणार असेल तर दगड कोरडा असताना आणि सोमवार ते शुक्रवारात पाठवा. कड्यात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर आले की सरकायला जागा नसते. पावसाळी शनिवार-रविवारी तिथे गर्दीवर निर्बंध येतात ते उगाच नाही. दुगारवाडीच्या धबधब्याचं तसंच. वर डोंगरात पाऊस झाला की ओढा बघता बघता फुगतो आणि पलीकडे गेलेली माणसं पलीकडेच राहतात. बागलाणातला साल्हेर, 1567 मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आला तेव्हा आम्ही पेढे खाल्ले. चढायला सांगू नका.

आणि आता माझी पहिल्या नंबरची जागा, नांदूरमधमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. कालव्यांना पाणी द्यायला बांधला, पण वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. सिंचनवाल्यांचं जे दुखणं, ते पक्ष्यांचं अन्नछत्र झालं. याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाल्याचं 2020 च्या सुरुवातीला जाहीर झालं, महाराष्ट्रातला हा पहिलाच.

चांदोरीवरून चापडगावला जायचं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि ऊस. सूर्य उगवायच्या आत पोचलं पाहिजे, आणि निफाडची थंडी काय असते हे दरवर्षी पेपरात आकड्यासह येतंच. प्रवेशाचं तिकीट काढलं की गावातला एक मुलगा गाइड म्हणून सोबत येतो, दुर्बीण भाड्याने मिळते. आमच्यासोबत आलेला गाइड बारावी शिकलेला, शाळेत असल्यापासून पक्षी बघणारा. वाट सपाट, मातीची. माझ्या गुडघ्याने सबंध सकाळ एक शब्द काढला नाही. पक्षी बघायच्या मनोऱ्याचा जिना तेवढा उभा आहे, कठड्याला धरून चढा.

वर गेल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही, धुकं असतं. आवाज मात्र चारी बाजूंनी. मग धुकं फाटतं आणि पाण्यावर काळे ठिपके दिसतात, शेकड्यांनी. ते वारकरी नावाचे पक्षी. अंग काळंभोर आणि कपाळावर पांढरा टिळा. कडेला लांब गुलाबी पायांचे शेकाटे, चिखलात चोच घालून. चमचे नावाचे पक्षी रांगेत उभे राहून मान डावी-उजवीकडे फिरवत चरतात, जाजम झाडल्यासारखे. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालतो आणि पान बुडत नाही. नवऱ्याने इतक्या वर्षांत दाखवली नव्हती तेवढी निळी-जांभळी छटा मला जांभळ्या पाणकोंबडीच्या पाठीवर दिसली.

"आजी, तिकडे बघा, पट्टकदंब," मुलगा म्हणाला. राखी रंगाचे हंसासारखे पक्षी, डोक्यावर दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून येतात. वहिनीने दुर्बीण माझ्याकडून जवळजवळ हिसकावून घेतली. तेवढ्यात वरून एक भोवत्या आला, शिकारी पक्षी, पंख फारसे न हलवता. खालचे सगळे वारकरी एकदम पाण्यावरून पळत सुटले, पाय आपटत, आणि एका जागी गच्च गोळा झाले. भोवत्या दोन घिरट्या घालून रिकाम्या पायांनी निघून गेला. मुलगा म्हणाला, "एकटा जो राहतो तोच जातो, आजी." आम्ही तिघेही मग बराच वेळ त्या गोळ्यातून मागे राहिलेलं कुणी आहे का ते शोधत होतो. एक होतं. पाणवेलीत घुसून वाचलं.

बाथरूम आहे, पाणी आहे, कडी आहे. कडी जरा वर ओढून लावावी लागते. बाकडी आहेत. सावली झाडांच्या पट्ट्यात चांगली, मनोऱ्यांकडे कमी. खायचं काही घरून न्या, फारतर चहा मिळतो. गाइडशी पैशांवरून घासाघीस करू नका. दुर्बिणीशिवाय जाण्यात अर्थ नाही आणि त्या मुलाशिवाय दुर्बिणीतही ठिपकेच दिसतात. भडक साडी नको, वहिनीच्या लाल स्वेटरला आम्ही माझी राखाडी शाल गुंडाळली. रविवारी मोठ्या गाड्या, गाणी आणि चिप्सच्या पिशव्या येतात, तेव्हा पक्षी आतल्या बेटांकडे सरकतात. मधल्या वारी जा.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, सकाळी साडेसहा ते दहा. मार्च संपला की जाऊ नका. पाहुणे पक्षी परत गेलेले असतात आणि मनोऱ्यावर बसवत नाही.