ट्रॉपी: फोटो काढून आणले, आता ते सापडणार कसे?

सुट्टीतला आठवडा अभिलेखागारात मिळाला, तर इतिहासाचे प्राध्यापक कागद तिथेच वाचत बसत नाहीत. भराभर फोटो काढायचे आणि वाचन घरी. मग लॅपटॉपवर दोन-तीन हजार फायली साचतात आणि कुठलं पान कुठल्या पेटीतलं, याचा पत्ता लागत नाही. ट्रॉपी हे सॉफ्टवेअर नेमकं याच दुखण्यावर आहे. संदर्भ सांभाळणारं झोटेरो ज्यांनी काढलं, त्याच जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या केंद्राने २०१७ मध्ये हे आणलं. फुकट, ओपन सोर्स, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हींवर चालतं.

खरी किंमत 'मर्ज'ची. एका पत्राचे चार फोटो निवडून मर्ज केले की चौघांची मिळून एकच नोंद होते. पण त्याआधी एक काम उरका: अभिलेखागारातल्या एका फाइलच्या कागदांचे सगळे फोटो एकदम निवडा आणि संग्रह, पेटी, फाइल क्रमांक हे रकाने एकाच वेळी भरा. आधी मर्ज करून मग एकेक नोंद भरणारे तिसऱ्या दिवशी कंटाळतात. फोटो काढतानाही प्रत्येक पेटीची सुरुवात तिच्या लेबलच्या फोटोने करावी, म्हणजे हद्द कळते. तारीख १८५७-०५-१० अशीच लिहा, नाहीतर क्रम विस्कटतो. मूळ कागदावरची जुन्या कालगणनेतली तारीख टिपणात जशीच्या तशी ठेवा. पत्रव्यवहारासाठी रकान्यांचा वेगळा साचा तयार मिळतो, हवा तर स्वतःचाही करता येतो.

घोळ होतो तो फोल्डर हलवल्यावर. प्रोजेक्ट, म्हणजे ट्रॉपीतला तुमच्या नोंदींचा संच, 'अॅडव्हान्स्ड' प्रकारचा असेल तर त्यात फोटो नसतात, फक्त त्यांचा पत्ता असतो. फोल्डरचं नाव बदललं की चित्रं गायब! अशा वेळी 'कन्सॉलिडेट' आज्ञेने नवी जागा दाखवावी लागते. 'स्टँडर्ड' प्रकार फोटोंच्या प्रती स्वतःकडे ठेवतो. डिस्क जास्त खातो, पण नवख्यांनी हाच घ्यावा.

शोध फक्त तुम्ही टंकलेल्या मजकुरात चालतो. हस्ताक्षर ते आपणहून वाचून देत नाही. दोघांनी एकाच वेळी एका प्रोजेक्टवर काम करायचं असेल तर हे साधन नव्हे. तळटीपाही इथे होत नाहीत, त्यासाठी झोटेरो लागतंच. शे-दीडशे फोटोंसाठी एवढा खटाटोप नको, नीट नावं दिलेले फोल्डर पुरतात.