दोन कुप्या, माल एकच

विकत घेतलेली अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनालाच चिकटावा असा रेणू) वापरून वेस्टर्न ब्लॉट लावला, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून हवं ते पट्ट्याच्या, बँडच्या, रूपात पाहायची चाचणी. ६० किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं एकक) किंचित खाली ठसठशीत बँड उमटला आणि मला आभाळ ठेंगणं झालं. शोधत होतो इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा: ५३० अमिनो आम्लांचं, साधारण ५९ किलोडाल्टनचं, डीएनएवर बसून जनुकांचं काम कमी-जास्त करणारं प्रथिन. पेशीत ते असलं तरी तुटपुंजं असतं, त्यामुळे ते दिसलं याचंच अप्रूप.

अँटिबॉडीच्या डेटाशीटवर ‘व्हॅलिडेटेड’ असा शिक्का होता. शेजारी सुबक ब्लॉट, एकच बँड, बाकी सगळं स्वच्छ. चित्राखालच्या बारीक अक्षरांकडे मी पाहिलंच नाही. त्या पेशींत बाहेरून जनुक घालून हे प्रथिन भरमसाट तयार करवलेलं होतं. अशा लाइसेटवर (फोडलेल्या पेशींच्या अर्कावर) सुमार अँटिबॉडीसुद्धा हुशार दिसते.

आमच्या मॅडम म्हणाल्या, एका अँटिबॉडीवर विसंबू नकोस. म्हणून दुसऱ्या कंपनीची मागवली. तीही सशाची पॉलिक्लोनल (सशाच्या रक्तातून मिळणारं अनेक अँटिबॉडींचं मिश्रण), बँडही त्याच जागी. दोन साक्षीदारांची जबानी जुळली म्हटल्यावर शंका कुठून येणार? मी बेधडक पुढं गेलो.

खरं तर सूचना मिळाली होती. एसआयआरएनए (जनुकाचा निरोप नष्ट करणारा छोटा आरएनए) टाकल्यावर एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा तो निरोप) चांगलं घटलं, बँड मात्र जराही फिका पडला नाही. ‘प्रथिन टिकाऊ असेल, उतरायला वेळ लागत असेल,’ अशी मीच माझी समजूत घातली. (आवडतं उत्तर हाती असलं की माणूस कारणं फार लवकर शोधतो.) शेवटी क्रिस्परनं (जनुक कापायच्या तंत्रानं) ते जनुकच मोडलं, सिक्वेन्सिंग करून खात्री केली आणि त्या नॉकआउट, म्हणजे हे प्रथिन बनवूच न शकणाऱ्या, पेशींचा ब्लॉट लावला. बँड जिथल्या तिथं, तितकाच गडद; म्हणजे अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटत होती. नऊ महिन्यांचं काम पाण्यात.

त्या रात्री दोन्ही डेटाशीट शेजारी ठेवून वाचल्या. इम्युनोजेन (अँटिबॉडी तयार व्हावी म्हणून सशाला टोचतात तो भाग) म्हणून प्रथिनाचा तोच तुकडा, अमिनो आम्लांचे तेच क्रमांक. चित्रही तेच, फक्त एकीकडे कडा कापून कॉन्ट्रास्ट वाढवलेला. चार-पाच मेलनंतर दुसऱ्या कंपनीनं कबूल केलं की माल बाहेरून घेऊन त्यावर आम्ही आमचं लेबल लावतो. लेबल बदलून विकणं या धंद्यात सर्रास चालतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी आधीच विचारलं होतं, ‘ही तुमची स्वतःची आहे ना?’ उत्तर ‘हो’ आलं होतं. पहिल्या कंपनीनं माझ्या प्रोटोकॉलवर खापर फोडलं, मग नवा लॉट (उत्पादनाची नवी खेप) पाठवला. त्यात बँड भलत्याच उंचीवर! पैसे परत नाहीतच, पुढच्या खरेदीवर सूट देऊ म्हणाले.

नंतर कळलं की २०१७ साली याच प्रथिनाच्या १३ अँटिबॉडी तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला होता आणि त्यांत एकच खरी उतरली होती. ऑर्डर देण्याआधी तासभर वाचलं असतं तर!

आता मी नॉकआउटचा ब्लॉट मागतो, तोही प्रथिन नैसर्गिक प्रमाणात असलेल्या पेशींशेजारी लावलेला. तो नसेल तर अँटिबॉडी घेत नाही. दुसरी घेताना इम्युनोजेन वेगळा आहे का ते पाहतो, आणि ‘सांगता येणार नाही’ असं उत्तर आलं तर तिथंच थांबतो. पॉलिक्लोनल असेल तर प्रत्येक नव्या लॉटची तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

त्या दोन्ही कुप्या अजून उणे २०च्या फ्रीजरमध्ये एकाच डबीत आहेत. नवीन विद्यार्थी आला की पहिला ब्लॉट त्यांचाच लावायला देतो, नमुना नॉकआउट पेशींचा आहे हे न सांगता.