यांत्रिक पंपाला विजेची जोड, की दोन्ही पंप विजेचे?

घरी बांधलेल्या विमानात रोटॅक्सचं इंजिन बसवताना, पेट्रोलच्या पंपांबद्दल हा प्रश्न येतोच. त्यातली ९१२ यूएलएस आणि ९१२ आयएस ही इंजिनं, दोन्ही १०० अश्वशक्तीची.

यूएलएस कार्बोरेटरवालं. पेट्रोलचा दाब अर्ध्या बारपलीकडे (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) लागत नाही आणि पंप इंजिनच चालवतं. विजेचा पंप जोडीला, मुख्यतः उड्डाण करताना आणि उतरताना. वीज गेली तरी इंजिन थांबत नाही, हे मोठंच सुख. खोट अशी, की यांत्रिक पंप गरम इंजिनावरच बसतो आणि इंजिनापेक्षा खाली असलेल्या पंखातल्या टाकीतून पेट्रोल वर ओढतो. ओढताना दाब घटतो, मग उन्हात नळीतच वाफ धरते आणि पेट्रोल अडतं. टाकीजवळचा विजेचा पंप ढकलतो, त्यामुळे ही भीती बरीच कमी.

आयएसमध्ये इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारलं जातं: दाब सुमारे ३ बार, पंप दोन, दोन्ही विजेचे. पेट्रोल कमी लागतं. मात्र वीज संपली की इंजिनही संपलं, म्हणून त्यात दोन जनित्रं आहेत. शिवाय उरलेलं पेट्रोल टाकीत परततं. ते ज्या टाकीतून घेतलं तिथेच जायला हवं, नाहीतर दुसरी भरून वाहते. म्हणजे टाकी निवडायचा व्हॉल्व्ह दुहेरी (जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पेट्रोलसाठी), नळ्या जास्त, गळतीच्या जागाही जास्त.

पहिलंच विमान बांधणाऱ्याला मी यूएलएसच सुचवेन.